रेघाताईंच्या तीन रेघा

रेघाताई गेल्या तेव्हा मला त्यांच्या घराचा पत्ताही ठाऊक नव्हता. प्रयोगशाळेच्या एकाच तळघरात, दोन दारांच्या अंतरावर आम्ही उभा जन्म काढला, आणि त्यांच्या घरी जायची वेळ आली तेव्हा मला प्रयोगशाळेतले हवा खेचणारे पंप सांभाळणाऱ्या पंपवाल्याला विचारावं लागलं, "कुठल्या रस्त्यावर रे?" तो म्हणाला, "काका, मी तुम्हालाच विचारणार होतो."

त्यामुळे साहेबांनी जेव्हा सांगितलं, की रेघाताईंच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढतोय, तुम्हीही चार ओळी लिहा, तेव्हा मी नको म्हणालो. मी काच फुंकणारा माणूस. माझं लिहिणं म्हणजे नळीवर खडूने माप टाकणं, आणि तेही काम झालं की पुसून टाकायचं. त्यांच्या कामाबद्दल लिहायला शिकलेसवरलेले लोक आहेत. त्यांच्याबद्दल लिहायला जवळचं कोणीतरी हवं. मी जवळचा नव्हतो. मी फक्त शेजारच्या खोलीत होतो.

पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मी सोडून दुसऱ्या कोणी ऐकलेली नाही, आणि मीही ती अर्धीच ऐकली. ती म्हणजे फोनवरच्या बोलण्यातली त्यांची बाजू. दर सोमवारी दुपारी त्यांच्या धाकट्या भावाचा फोन यायचा. तो कसा यायचा आणि कसा बंद झाला, तेवढंच मला सांगता येईल.

रेघाताई हे काही त्यांचं खरं नाव नाही. ते पंपवाल्याने पाडलं. धातूची वाफ करून तिच्यातून वीज सोडली की ती उजळते, आणि तो उजेड उपकरणातून पसरवून पाहिला की त्यात बारीक बारीक रेघा दिसतात. प्रत्येक धातूच्या रेघा वेगळ्या, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या. रेघाताईंच्या वाट्याला आलेले धातू जड घराण्यातले होते, एकेकाच्या हजारो रेघा, त्यातल्या कितीतरी तांबड्याच्याही पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात. एकेक रेघ कुठे आहे, किती ठळक आहे आणि कोणाची आहे, हे ठरवायचं त्यांचं काम. "रेघाताई, एवढ्या रेघांची एक सतरंजी तरी विणून झाली असती," असं पंपवाला म्हणायचा. त्या म्हणायच्या, "झाली असती, पण तू तिच्यावर लोळत पडला असतास."

त्या रेघा ज्या दिव्यात उजळतात तो दिवा करायचा मी. दंडाएवढी काचेची नळी, आत धातूची बोटभर कांडी, थोडासा निष्क्रिय वायू, आणि टोकाला पलीकडचा उजेड अडवणार नाही अशी वेगळ्या काचेची खिडकी. दोन जातींच्या काचा एकमेकींना धरत नाहीत, मधे तिसरी घालून समजूत काढावी लागते. दिवा जमला की रेघाताई तो माझ्या खोलीतल्या छताजवळच्या खिडकीपाशी नेऊन दोन्ही हातांनी उजेडात धरायच्या. खोट काढायच्या नाहीत. "बाळसेदार झालाय," म्हणायच्या.

फोन माझ्या खोलीत होता. तळघरात मोबाइल लागत नाही, आणि रेघाताईंच्या खोलीत पंपाची घरघर इतकी, की त्या कानांवर जाड इअरमफ लावून बसायच्या. दारावर थाप मारून उपयोग नाही. दार उघडलं तर बाहेरचा उजेड आत जाऊन मोजणी वाया. म्हणून फार पूर्वी आम्ही एक युक्ती केली होती. त्यांच्या दाराबाहेर एक बटण, आणि आत त्यांच्या टेबलावर, मोजणीच्या यंत्राच्या आडोशाला, एक लाल दिवा. सुपारीएवढा. तोही मीच केलेला. फोन आला की मी जाऊन बटण दाबायचं, दिवा लागायचा, आणि रेघाताई मापन थांबवून बाहेर यायच्या. इअरमफ गळ्यात, चष्मा कपाळावर, आणि पायात कायम एका पायाची मागची पट्टी न लावलेल्या चपला. ती पट्टी लावायला त्यांना सोमवारी कधीच वेळ नसायचा.

भावाला त्या टिल्ल्या म्हणायच्या. हा टिल्ल्या चाळिशीला आलेला, दूर दुसऱ्या खंडात, ताऱ्यांच्या अभ्यासात नाव काढत असलेला. आईवडील एकाच वर्षात गेले तेव्हा तो पहिलीत होता. मग रेघाताईंनी पुढचं शिक्षण सोडलं आणि ही मोजणीची नोकरी धरली. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. फोनवर एकदा हसत म्हणत होत्या, "तुला शाळेत ढकलून कामावर पळायचे ना, तेव्हापासून चपलेचा पट्टा राहतोच बघ." त्यावरून आणि असल्याच आणखी तुकड्यांवरून मी जुळवलं.

फोन उचलायचा मी, त्यामुळे त्या येईपर्यंत टिल्ल्या माझ्याशी बोलायचा.

"काका, ताई येईपर्यंत एक गंमत सांगू?" तो एकदा म्हणाला.

"सांग की."

"दोन मेलेले तारे आहेत असं समजा. जळून संपलेले. आतलं सगळं दाबून दाबून शहराएवढा गोळा झालाय, पण वजन सूर्याहून जास्त."

"बरं."

"ते दोघं एकमेकांभोवती फिरतायत. कोट्यवधी वर्षं. फिरत फिरत जवळ येतात, आणि एक दिवस आदळतात. जे उडतं त्यात जड धातू तयार होतात. सोनं, प्लॅटिनम, ताईचे ते जीभ वळत नाही असले धातू. थोडे दिवस ते सगळं चमकतं आणि विझतं. आम्ही तो उजेड पकडायचा आणि ओळखायचं, आत कोण कोण आहे."

"मग सोपं आहे की. रेघा बघायच्या."

"तिथेच तर गोची आहे, काका! उडालेला माल इतका सुसाट पळत असतो, की रेघा फराटतात. ओल्या शाईवरून बाही फिरवल्यासारख्या. शंभर रेघांचा मिळून एक खळगा दिसतो. त्या खळग्यात कोण बसलंय हे सांगायचं, तर प्रत्येकाच्या रेघा आधी घरी बसून मोजलेल्या पाहिजेत. जगात असली घरं मोजकी. त्यातलं एक तुमच्या शेजारी कान झाकून बसलंय."

"काय सांगतोयस त्यांना?" मागून रेघाताईंनी माझ्या हातातून फोन घेतलाच. "त्यांची भट्टी थंड होईल. जेवलास का? काय जेवलास? अरे, ते काय जेवण झालं? मोजे घातलेस का?"

पंपवाला दारात तेलाचा डबा घेऊन उभा होता. म्हणाला, "रेघाताई, भाऊ डॉक्टर झाला, टक्कल पडलं, तरी मोजेच विचारता?"

त्यांनी फोनवर हात ठेवला. "टक्कल पडल्यापासून टोपीही विचारते."

मग त्यांचं कामाचं बोलणं चालू व्हायचं आणि ते मला कळायचं नाही. पण ऐकायला बरं वाटायचं. आकडे सांगतानाही त्यांचा आवाज जेवण वाढतानाचा असायचा. ही घे, आणखी घे, ही नको, ही अजून कच्ची आहे.

माझी समजूत अशी, की त्यांचा आठवडा सोमवारपासून नाही, सोमवारपर्यंत असायचा.

ज्या धातूपायी पुढचं सगळं झालं त्याचं नाव प्रेसिओडिमियम. उघड्यावर ठेवला तर हिरवा पापुद्रा धरतो, म्हणून तेलात बुडवून ठेवायचा. आम्ही तळघरात त्याला हिरव्या म्हणायचो. त्याचा सख्खा शेजारी निओडिमियम. त्याचे क्षार जांभळट, म्हणून तो जांभळ्या. दोघं खाणीतून एकत्रच निघतात, आणि एकमेकांत इतके मिसळलेले की पूर्वी कितीतरी वर्षं लोक त्यांना एकच धातू समजत होते. रेघाताईंनी हिरव्याच्या पलीकडच्या उजेडातल्या रेघांची यादी पुरी केली आणि ती जगाला खुली केली. कोणीही घ्यावी, वापरावी.

टिल्ल्याने ती घेतली. ताऱ्यांच्या धडकेच्या उजेडात एक खळगा होता, त्याचा मालक कोणाला सापडत नव्हता. टिल्ल्याने यादीतल्या तीन रेघा, जवळजवळच्या आणि ठळक, त्या वेगाने फराटवून पाहिल्या, आणि खळगा भरून निघाला.

त्या सोमवारी फोन उचलला तर तो ओरडतच होता. "काका, ताईला आधी खुर्चीत बसवा, मग फोन द्या!"

खुर्ची नव्हती, माझं स्टूल होतं. रेघाताई त्यावर बसल्या, ऐकत राहिल्या, आणि एकदम हसायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, "वेड्या, तिथपर्यंत गेल्या रे माझ्या रेघा?"

त्यांच्या दोघांच्या नावांनी तो लेख छापून आला. रेघाताईंनी दुसऱ्या दिवशी केक आणला आणि कापताना त्याचे अगदी सारखे तुकडे केले. पंपवाला म्हणाला, "इथेही मोजणी!" टिल्ल्याची तिथली नोकरी तात्पुरती होती. ती कायम करायची की नाही हे पुढच्या वर्षी ठरणार होतं, आणि त्या लेखाच्या जोरावर ती होणार असं सगळे धरून चालले होते. रेघाताईंनी लोकरीचा मफलर विणायला घेतला, कायम झाल्यावर पाठवायला. हे मात्र मी पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या भट्टीजवळ, उबेला, विणत बसायच्या.

मग दिवा काळा पडला. त्यात काही विशेष नाही. जळताना कांडीतला धातू उडून काचेवर बसतो आणि आतून काजळी धरल्यासारखं होतं. हिरव्याचा दिवा जुना झाला होता. रेघाताई म्हणाल्या, "दादा, नवा करून द्या. धातूची नवी कांडीही आलीय, दुसऱ्या ठिकाणची."

मी करून दिला. थोड्या दिवसांनी त्या परत आल्या, दारातच थांबल्या.

"दादा, रागावू नका. ह्या दिव्यात काहीतरी राहिलंय. खिडकी धूसर असेल किंवा वायू कमी भरला असेल."

"काय झालं?"

"तीन रेघा येत नाहीत."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मी सांधे तपासले. गळती नव्हती. तरी दुसरा केला, अधिक जपून. त्यातही त्या तीन आल्या नाहीत. बाकीच्या शेकडो आल्या, जशाच्या तशा. तिसरा दिवा मी देऊ केला तेव्हा त्यांनी तो उजेडात धरलाच नाही. म्हणाल्या, "हिरव्याचा नको. जांभळ्याचा करून द्या."

जांभळ्याचा दिवा त्यांनी सकाळी नेला आणि दुपारी त्या माझ्याकडे आल्या. मी ज्योतीवर एक सांधा फिरवत होतो, हात सोडता येत नव्हते. त्या स्टुलावर बसल्या.

"दादा, तुमचे दिवे बरोबर होते."

"मग?"

"त्या तीन रेघा हिरव्याच्या नाहीतच. जांभळ्याच्या आहेत. त्याच्या दिव्यात कशा झगझगीत आल्या म्हणून सांगू! आधीच्या कांडीत जांभळ्या मिसळलेला होता. कागदावर शुद्ध लिहिलेलं, आणि मी ते मानलं. जांभळ्याच्या ज्या रेघा माहीत होत्या त्या मी वगळल्या होत्या. पण ह्या तीन कोणालाच माहीत नव्हत्या. अनोळखी होत्या, हिरव्याच्या घरात सापडल्या, म्हणून मी त्या हिरव्याच्या नावावर घातल्या."

"हे कोणाच्याही हातून झालं असतं," मी म्हणालो.

"कोणाच्याही नाही झालं. माझ्या झालं."

"मग खळगा जांभळ्याचा म्हणायचा. त्यात काय एवढं? एक गेला, दुसरा आला."

त्यांनी मान हलवली. "तसं नसतं. जांभळ्या तिथे असता तर त्याचे आणखी दोन खळगे शेजारी दिसायला हवे होते. नाहीत ते. म्हणजे त्या खळग्यात कोण आहे, ते आता कोणालाच माहीत नाही. टिल्ल्याच्या हातात काही राहत नाही, दादा."

सांधा तेव्हा माझ्या हातात वाकडा झाला. तो मी टाकून दिला.

सोमवारी त्यांनी फोनवर त्याला सांगितलं. आवाज न चढवता, एकेक पायरी करून, लहान मुलाला औषध पाजावं तसं. मग बराच वेळ तो बोलत राहिला आणि त्या "हं, हं" करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "निवड होईपर्यंत थांबू? अरे, त्याला अजून किती महिने आहेत... कळतं रे मला. कळत नाही असं नाही. बघते."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, "दादा, सांधा चुकलाय हे तुम्हाला कळलं, आणि दिवा दुसऱ्याने नेला, तर?"

मी म्हणालो, "नेला तर परत मागवीन. फुटला तर हात कापेल एखाद्याचा." माझ्या कामात ते तसंच असतं. मी त्यांच्या प्रश्नाचा विचार करून उत्तर दिलं नव्हतं, एवढंच आत्ता वाटतं.

त्या थांबल्याही काही आठवडे. मफलर पुढे सरकत नव्हता, नुसता मांडीवर असायचा. पण यादी खुली होती, आणि लोक ती रोज उचलत होते. कुठल्याशा मोठ्या दुर्बिणीवर पुढच्या धडकेसाठी वेळ मागताना एका चमूने त्या तीन रेघांचाच आधार घेतला, तसं त्यांनी रेघाताईंना आभार मानून कळवलं. ते कळलं त्या दिवशी रेघाताईंनी टिल्ल्याला स्वतः फोन लावला, माझ्याच खोलीतून. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग त्या आत गेल्या आणि तीन रेघा मागे घेत असल्याचं जगाला कळवलं. चूक माझी एकटीची, एवढंच त्यात होतं. कांडीवाल्यांचं नाव नाही, टिल्ल्याचं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी फोन वाजला. मी म्हणालो, "काय रे, कसा आहेस?"

"तिला बोलवा," तो म्हणाला. काका नाही, काही नाही.

मी बटण दाबलं. रेघाताई आल्या. त्या दिवशी चपलेचे दोन्ही पट्टे सुटे होते. मी ज्योत बारीक केली, पण खोली सोडून जाता येईना, ज्योत पेटती ठेवून जायचं नसतं. म्हणून जे ऐकलं ते ऐकलं.

"हो... हो, मीच. आधी तुला लावला होता... नाही रे. तुझ्यापेक्षा कशाला जड असेल?... टिल्ल्या, ऐक... ऐक ना..." मग त्या फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत ऐकत राहिल्या. मग हळूच, "जेवलास का?"

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू आला. त्या तशाच धरून उभ्या राहिल्या. मग जागेवर ठेवला, वायर नीट केली आणि म्हणाल्या, "घाईत होता."

त्याची नोकरी कायम झाली नाही. तो तारे सोडून कुठल्याशा कंपनीत हिशेबाच्या कामाला लागला. हे रेघाताईंना तिसऱ्याच माणसाकडून कळलं. सोमवारचा फोन बंद झाला.

सुरुवातीला त्या सोमवारी त्या वेळेला माझ्याकडे काहीतरी निमित्त काढून यायच्या. काचेचा तुकडा बघायचा आहे, कात्री हवी आहे. स्टुलावर बसायच्या, कपातला चहा गार होऊ द्यायच्या, आणि उठून जायच्या. मी एकदा धीर करून म्हणालो, "तुम्हीच लावून बघा ना."

"लावते की. उचलत नाही. त्याने उचलावा म्हणून मी लावायचा, आणि त्याने न उचलून मला उत्तर द्यायचं, असं झालंय. आता त्यालाच वाटू दे."

मग त्यांनी येणं बंद केलं. आपल्या खोलीत बसायच्या. पण संध्याकाळी जाताना दारात थबकून विचारायच्या, "दादा, दुपारी कुठे बाहेर नव्हतात ना?"

"नाही हो. इथेच होतो."

तेव्हापासून सोमवारी मी डबा भट्टीपाशीच खाऊ लागलो. पंपवाला चिडवायचा, "काका, फोनची राखण करताय काय?" मग त्याला काय ते उमगलं असावं, कारण पुढे तो सोमवारचं पंपाचं तेल बदलायचं काम दुसऱ्या वारी करू लागला, त्या वेळी मधे यायला नको म्हणून.

एका सोमवारी, अगदी त्याच वेळेला, फोन वाजला. मला इतकी घाई झाली, की उचलायच्या आधी मी धावत जाऊन बटण दाबून आलो. मग उचलला. तर गॅसच्या टाक्यांचा माणूस, टाक्या उद्या आणू की परवा विचारत होता. मी वळलो तर रेघाताई दारात. चष्मा कपाळावर, चेहरा मुलीसारखा झालेला. फोनवर हात ठेवून मी नुसती मान हलवली.

"गॅसवाला?" त्यांनी विचारलं.

"गॅसवाला."

"असू दे," त्या म्हणाल्या. "बसून बसून पाय आखडले होते. बरं झालं." आणि परत जाताना माझ्या भट्टीवरची धूळ बोटाने पुसून गेल्या.

काम त्यांनी सोडलं नाही. हिरव्या आणि जांभळ्या, दोघांच्या याद्या पहिल्यापासून मोजल्या, प्रत्येक रेघ दोन्ही दिव्यांत तपासून. साहेब म्हणतात की आता पुढची धडक दिसेल तेव्हा त्या याद्यांवाचून कोणाचं चालणार नाही. असेलही. त्यावर लिहायला दुसरे आहेत. मला एवढंच माहीत आहे, की याद्या पुऱ्या झाल्यावर त्यांनी केक आणला नाही.

गेल्या थंडीत एका सकाळी त्या कामावर आल्या नाहीत. घरी, स्वयंपाकघरात, चपला घालता घालता गेल्या. हृदय बंद पडलं म्हणाले.

टिल्ल्या आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो, आणि खरंच टक्कल पडलं होतं. विधी उरकल्यावर त्यांची खोली आवरायला तो तळघरात आला. पंप बंद होता, त्यामुळे पायांचे आवाज फार होत होते. गळ्यात मफलर होता. तो मी ओळखला. एका टोकाला सुया तशाच राहिल्या होत्या, त्या त्याने काढल्या नव्हत्या.

"काका, मीच ना हो फोन बंद केला," तो म्हणाला. "मी तिला विचारलं, तुला तीन रेघा जड झाल्या की मी? आणि ठेवला. नंतर प्रत्येक सोमवारी वाटायचं, आज करू. पण काय बोलू? तिचं बरोबर होतं हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. बरोबर असलेल्या माणसाला फोन करणं फार कठीण असतं."

मी त्याला त्यांच्या खोलीकडे घेऊन गेलो.

दारापाशी त्याचं लक्ष बटणाकडे गेलं. "हे कशाचं?"

"तुझा फोन आला की मी हे दाबायचो. आत दिवा लागायचा."

इतकी वर्षं त्याला ते माहीतच नव्हतं. त्याला वाटायचं, मी नुसती हाक मारतो. त्याने बोट बटणावर ठेवलं. रिकाम्या खोलीत, टेबलावर, लाल दिवा लागला. त्याने बोट काढलं नाही. आम्ही दोघं तिथे उभे होतो आणि दिवा लागलेला होता.

मग त्याने विचारलं, "शेवटचं काय बोलली ती तुमच्याशी? माझ्याबद्दल काही?"

"नाही रे," मी म्हणालो. "साधंच काहीतरी. चहाबद्दल."

तेव्हा तेवढंच सांगवलं. त्याच्या अंगावर आणखी ओझं घालायला माझी जीभ उचलली नाही. पण ते पुस्तक त्याच्याकडे जाणार आहे, आणि आता वाटतं, बहीण शेवटी काय बोलली हे भावाला कळायला हवं, मग ते कसंही असो. म्हणून तर हे लिहायला बसलो.

त्या गेल्या त्याच्या आदल्याच दिवसाची, सोमवारची गोष्ट. दुपार टळत आली होती. रेघाताईंनी आपलं दार जरासं उघडून मला हाक मारली. मापन चालू नव्हतं. त्या आत टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या.

"दादा, जरा ते बटण दाबता का? हा दिवा गेलाय असं मला कधीचं वाटतंय."

"बरा आहे तो. त्याला काय होतंय?"

"दाबून तर बघा. उगाच शंका नको."

मी दाबलं.

"लागला का?" मी बाहेरून विचारलं.

"लागला," त्या म्हणाल्या. "चांगला लागतोय."

"मग झालं तर."

"हो. मग झालं."